एका वीस अंकी संख्येची ओळख : १८४४६७४४०७३७०९५५१६१५



विभाज्यतेच्या कसोट्या, घातांक, मूळ अवयव, विस्तारसूत्रे हे सगळे घटक आपण पाचवी ते आठवीच्या दरम्यान शिकवतो. मुलं ते पाठही करतात. पण "सर, हे कशासाठी?" असा प्रश्न आला की आपण बहुतेक वेळा परीक्षेकडे बोट दाखवतो. ३४५६ ला ९ ने भाग जातो का, हे कसोटी लावून बघायची खरं तर गरजच नसते, सरळ भागाकार करूनही चालतं. कसोटीची खरी किंमत कळते ती भागाकार करणं अवघड होतं तेव्हा, आणि यंत्र चुकतं तेव्हा तर ती जास्तच कळते.

म्हणून या लेखात एकच संख्या घेऊ या आणि शाळेतलं सगळं गणित तिच्यावर वापरून बघू या. ती संख्या म्हणजे १८४४६७४४०७३७०९५५१६१५.

ही संख्या आली कुठून?

बुद्धिबळाच्या शोधाची दंतकथा बहुतेकांना माहीत असते. सिस्सा नावाच्या विद्वानाने राजाला हा खेळ दाखवला. राजा खूश झाला आणि म्हणाला, "माग काय हवं ते." सिस्साने मागितलं एवढंच: पटाच्या पहिल्या घरात धान्याचा १ दाणा, दुसऱ्यात २, तिसऱ्यात ४, चौथ्यात ८, अशी प्रत्येक घरात दुप्पट करत ६४ घरं भरून द्या. राजा हसला. नंतर कोठारं रिकामी झाली तरी मागणी पुरी होईना. गोष्ट खरी घडली असं नाही, पण ती फार जुनी आहे. तेराव्या शतकातल्या इब्न खल्लिकान या चरित्रकाराने ती लिहून ठेवली आहे, आणि त्याच्याही आधी, सुमारे हजार वर्षांपूर्वी, अल-बिरुनी या विद्वानाने या दाण्यांचा हिशेब मांडला होता.

चौसष्टाव्या घरात २ चा ६३ वा घात इतके दाणे येतात. (यापुढे सोयीसाठी २^६३ असं लिहू.) मग सगळ्या घरांची बेरीज किती? इथे सूत्र सांगण्याआधी मुलांना एक युक्ती करू द्या. पटावर १ दाणा जास्तीचा आणून ठेवा. तो पहिल्या घरातल्या १ मध्ये मिळवला की २ झाले. ते दुसऱ्या घरातल्या २ मध्ये मिळवले की ४ झाले. ते तिसऱ्या घरातल्या ४ मध्ये मिळवले की ८. असं करत शेवटच्या घरापर्यंत गेलो की एकूण २^६४ होतात. जास्तीचा एक दाणा परत काढून घ्या. म्हणजे बेरीज = २^६४ − १.

याच युक्तीतून आणखी एक गोष्ट कळते. कोणत्याही घरातले दाणे हे त्याआधीच्या सगळ्या घरांच्या बेरजेपेक्षा बरोबर एकाने जास्त असतात. मुलांना पहिल्या पाच-सहा घरांत तपासून बघायला सांगा.

वाचायची कशी?

आपल्या पद्धतीने स्वल्पविराम दिले तर ती अशी दिसते: १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. आता वाचा! कोटीच्या पुढे आपण अडखळतो, कारण व्यवहारात "लाख कोटी" यापुढे आपण जात नाही. पण आपल्या परंपरेत पुढची नावं आहेत. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ.स. ११५०) एककापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावं दिली आहेत. त्यात अब्ज म्हणजे १ वर ९ शून्यं. मग प्रत्येक वेळी दहापट करत खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि शेवटी परार्ध. परार्ध म्हणजे १ वर १७ शून्यं.

आपल्या संख्येत १८४ परार्ध आहेत. पुढचे अंक क्रमाने ४ मध्य, ६ अंत्य, ७ जलधी, ४ शंकू, ४ महापद्म, ० निखर्व, ७ खर्व, ३ अब्ज असे येतात, आणि उरलेले ७० कोटी ९५ लाख ५१ हजार ६१५.

ज्यांना ही नावं जड वाटतील त्यांनी कोटीचाच आधार घ्यावा. उजवीकडून सात-सात अंकांचे गट करा: १८४४६७ | ४४०७३७० | ९५५१६१५. म्हणजे १ लाख ८४ हजार ४६७ कोटी कोटी, ४४ लाख ७ हजार ३७० कोटी, ९५ लाख ५१ हजार ६१५. स्थानिक किंमत शिकवताना या दोन्ही वाचनांचा चांगला उपयोग होतो.

गुणाकार न करता काय काय सांगता येतं?

आता क्षणभर समजा की ही संख्या आपल्याला माहीतच नाही. फक्त २^६४ − १ एवढंच माहीत आहे. तरी बरंच काही सांगता येतं.

किती अंकी? २^१० = १०२४, म्हणजे हजारापेक्षा थोडं जास्त. २^६० म्हणजे १०२४ सहा वेळा गुणलेले, म्हणून १ वर १८ शून्यं यापेक्षा जास्त. त्याला २^४ म्हणजे १६ ने गुणलं की १६ वर १८ शून्यं यापेक्षा जास्त. म्हणजे निदान २० अंक नक्की. जास्तीत जास्त किती? १.०२४ ऐवजी मोठा १.१ घेतला, तरी त्याचा सहावा घात १.८ पेक्षा कमी. १६ × १.८ = २८.८. म्हणजे २१ वा अंक येत नाही. उत्तर: बरोबर २० अंकी.

शेवटचा अंक? २ च्या घातांचे एकक अंक २, ४, ८, ६ या चक्रात फिरतात. ६४ ला ४ ने पूर्ण भाग जातो, म्हणून २^६४ चा शेवटचा अंक ६. एक वजा केला की ५.

शेवटचे दोन अंक? २^१० = १०२४. त्याचा वर्ग १०,४८,५७६, शेवट ७६. आणि ७६ ची गंमत अशी की ७६ × ७६ = ५७७६, शेवट पुन्हा ७६. म्हणून २^६० चा शेवटही ७६. ७६ × १६ = १२१६. म्हणजे २^६४ च्या शेवटी १६ आणि आपल्या संख्येच्या शेवटी १५.

हाताने काढून बघू या

पूर्ण संख्या काढायला ६३ वेळा दुप्पट करायची गरज नाही. सहा वेळा वर्ग केला की झालं: २ → ४ → १६ → २५६ → ६५५३६ → ४२९४९६७२९६ → २^६४.

शेवटचा वर्ग मोठा आहे. दुकानातल्या १२ अंकी कॅल्क्युलेटरवर तो मावत नाही. मग (अ + ब) चा वर्ग आठवा. ४२९४९६७२९६ चे दोन तुकडे करा: ४२९४९ आणि ६७२९६. वर्गात तीन गट करा आणि प्रत्येक गटाला एक गुणाकार द्या.

गट १: ४२९४९ × ४२९४९ = १८४४६१६६०१
गट २: ४२९४९ × ६७२९६ = २८९०२९५९०४, त्याची दुप्पट ५७८०५९१८०८
गट ३: ६७२९६ × ६७२९६ = ४५२८७५१६१६

आता पहिल्या उत्तरापुढे १० शून्यं, दुसऱ्यापुढे ५ शून्यं, तिसरं तसंच, आणि बेरीज:

१८४४६१६६०१००००००००००
+ ५७८०५९१८०८०००००
+ ४५२८७५१६१६
= १८४४६७४४०७३७०९५५१६१६

एक वजा केला की आपली संख्या. यंत्राला जे एकट्याने जमत नाही ते तीन गट आणि एक विस्तारसूत्र मिळून करून दाखवतात. आठवीच्या मुलांना हे मनापासून आवडतं.

यंत्रावर विश्वास ठेवायचा का?

ही संख्या एक्सेलमध्ये टाईप करा आणि सेल रुंद करून पूर्ण आकडा बघा. मिळेल १८४४६७४४०७३७०९५०००००. पहिले १५ अंक बरोबर, पुढचे पाचही शून्य! एक्सेल संख्येचे १५ च अंक जपतं. तुम्ही काही चूक केलेली नसते आणि ते कुठलाही इशारा देत नाही.

आपल्या शिक्षकांसाठी ही नुसती गंमत नाही. सरल प्रणालीतला विद्यार्थ्याचा आयडी १९ अंकी असतो. तो एक्सेलमध्ये संख्या म्हणून गेला की शेवटचे चार अंक शून्य होतात, आणि एकदा सेव्ह झालं की मूळ अंक त्या फाईलमधून परत मिळत नाहीत. म्हणून आयडीचा रकाना आधी 'टेक्स्ट' करून घ्यायचा असतो. एक अंक बदलला तर त्या आयडीवर दुसरंच मूल असू शकतं.

मग एवढी मोठी संख्या कुणी चुकीची लिहिली तर ओळखायची कशी? इथे आपल्या कसोट्या कामाला येतात.

९ ची कसोटी. १० ला ९ ने भागलं की बाकी १, १०० ला भागलं तरी १, पुढेही तसंच. म्हणून संख्येला ९ ने भागून येणारी बाकी आणि तिच्या अंकांच्या बेरजेला भागून येणारी बाकी सारखीच असते. आता २^६ = ६४ = ९ × ७ + १, बाकी १. म्हणून २^६० ची बाकीही १. त्याला १६ ने गुणलं की बाकी ७. एक वजा, म्हणजे ६. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज करा: ८७. ८ + ७ = १५, १ + ५ = ६. जुळलं!

११ ची कसोटी. उजवीकडून एकाआड एक अंक घ्या. पहिला, तिसरा, पाचवा... यांची बेरीज: ५ + ६ + ५ + ९ + ७ + ७ + ४ + ७ + ४ + ८ = ६२. दुसरा, चौथा, सहावा... यांची बेरीज: १ + १ + ५ + ० + ३ + ० + ४ + ६ + ४ + १ = २५. फरक ३७, त्याला ११ ने भागून बाकी ४. घाताकडून बघू: १०२४ = ११ × ९३ + १, म्हणून २^१० ची बाकी १ आणि २^६० चीही १. १६ ची बाकी ५, एक वजा म्हणजे ४. हेही जुळलं!

आता ह्याच कसोट्या चुकीच्या संख्यांना लावा.

एक्सेलवाली संख्या: १८४४६७४४०७३७०९५०००००. अंकांची बेरीज ६९, ९ ने भागून बाकी ६. अरे, ही तर पास झाली! कारण गेलेले अंक ५, १, ६, १, ५ आणि त्यांची बेरीज नेमकी १८. आता ११ ची कसोटी: ४६ − २३ = २३, बाकी १. हवी होती ४. चोर सापडला.

कुणी लिहिताना दोन अंकांची अदलाबदल केली: १८४४६७४४०७३७०९५१५६१५. अंक तेच, बेरीज तीच ८७, म्हणून ९ ची कसोटी फसते. ११ ची कसोटी: ५८ − २९ = २९, बाकी ७. पुन्हा सापडला.

मुलांना इथे थांबवून विचारा: ९ ची कसोटी अदलाबदल का पकडत नाही आणि ११ ची का पकडते? उत्तर त्यांनाच शोधू द्या. ९ च्या कसोटीत सगळ्या जागा सारख्या आहेत, ११ च्या कसोटीत शेजारच्या जागांची चिन्हं उलट आहेत. एकच अंक चुकला असेल तर ११ ची कसोटी तो नेहमी पकडते. ९ ची कसोटी ० च्या जागी ९ पडला तर फसते. अर्थात दोन्ही कसोट्या पास झाल्या म्हणजे संख्या बरोबरच, असं सिद्ध होत नाही. अंदाधुंद लिहिलेली चुकीची संख्या दोन्हींतून निसटण्याची शक्यता साधारण ९९ त १ इतकीच असते, एवढं मात्र म्हणता येतं.

याच विचाराने जुन्या १० अंकी आयएसबीएन क्रमांकाचा शेवटचा अंक ११ च्या भागाकारावरून ठरवत असत. आपल्या आधार क्रमांकाचा बारावा अंकही तपासणीचाच असतो, फक्त त्याची रीत वेगळी आणि जरा अवघड आहे.

मूळ अवयव

शेवटी ५ आहे म्हणून ५ ने भाग जातो. अंकांची बेरीज ८७ आहे म्हणून ३ ने जातो, ९ ने जात नाही. पुढचे अवयव शोधायला वीस अंकी भागाकार करत बसायचं का? नको. अ² − ब² = (अ + ब)(अ − ब) हे सूत्र घ्या.

२^६४ − १ = (२^३२ + १)(२^३२ − १). दुसऱ्या कंसाला तेच सूत्र पुन्हा लावा. त्याच्या दुसऱ्या कंसाला पुन्हा. शेवटी मिळतं:

२^६४ − १ = ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ × ४२९४९६७२९७

उलट बाजूने गुणून बघा: ३ × ५ = १५, १५ × १७ = २५५, २५५ × २५७ = ६५५३५, ६५५३५ × ६५५३७ = ४२९४९६७२९५. हे दुसरं तिसरं काही नसून पटाच्या पहिल्या ४, ८, १६ आणि ३२ घरांतल्या दाण्यांची बेरीज आहे. प्रत्येक वेळी पुढचा गुणक हा आतापर्यंतच्या गुणाकारापेक्षा २ ने मोठा.

३, ५, १७, २५७, ६५५३७ या पाचही मूळ संख्या आहेत. सतराव्या शतकात फर्मा या फ्रेंच गणितीला वाटलं की ही माळ अशीच पुढे चालेल, म्हणजे ४२९४९६७२९७ ही सुद्धा मूळच असेल. तशी ती दिसतेही. पण १७३२ मध्ये ऑयलरने दाखवलं की तिला ६४१ ने भाग जातो:

४२९४९६७२९७ = ६४१ × ६७००४१७

ऑयलरला ६४१ सापडला कसा? त्याने पुढे सिद्ध केलं की या संख्येचा कोणताही मूळ अवयव ६४ च्या पटीपेक्षा एकाने जास्त असलाच पाहिजे. अशा मूळ संख्या म्हणजे १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१... पाचव्या प्रयत्नातच उत्तर! कुठे शोधायचं नाही हे आधी कळलं, त्यामुळे शेकडो भागाकार वाचले.

६४१ ने भाग जातो हे भागाकार न करताही कळतं. ६४१ = ५ × १२८ + १, म्हणजे ५ × २^७ ला ६४१ ने भागलं तर बाकी −१ मानता येते. त्याचा चौथा घात घेतला की ५^४ × २^२८ ची बाकी १. पण ६४१ = ६२५ + १६ = ५^४ + २^४ सुद्धा आहे, म्हणून ५^४ च्या जागी −२^४ लिहिता येतं. म्हणजे −२^३२ ची बाकी १, म्हणजेच २^३२ + १ ची बाकी ०. झालं. नववी-दहावीच्या हुशार मुलांना हे नक्की दाखवा.

फर्माच्या माळेत ६५५३७ नंतर एकही मूळ संख्या आजवर सापडलेली नाही. आणि या पाच संख्यांचं भूमितीशीही नातं आहे. १७९६ मध्ये गाऊसने दाखवलं की पट्टी आणि कंपास वापरून १७ बाजूंची सुसम बहुभुजाकृती काढता येते. या पाच मूळ संख्या प्रत्येकी एकदाच घेऊन होणाऱ्या कोणत्याही गुणाकाराइतक्या बाजूंची सुसम आकृती तत्त्वतः काढता येते. असे गुणाकार ३१ आहेत, त्यातला सर्वांत मोठा ४२९४९६७२९५, म्हणजे अर्ध्या पटाची बेरीज!

तर आपल्या संख्येचे पूर्ण मूळ अवयव असे:

३ × ५ × १७ × २५७ × ६४१ × ६५५३७ × ६७००४१७

सात वेगवेगळ्या मूळ संख्या, प्रत्येक एकदाच. विभाजक किती? प्रत्येक मूळ संख्या "घ्यायची" किंवा "नाही घ्यायची", असे सात वेळा दोन-दोन पर्याय. म्हणून २^७ = १२८ विभाजक.

म्हणजे हे दाणे ३, ५, १५, १७ जणांत सारखे वाटता येतात. ७ जणांत? २^३ = ८, ७ ने भागून बाकी १. म्हणून २^६३ ची बाकी १, २^६४ ची २, आणि आपल्या संख्येची १. एक दाणा उरतो.

आता खरी गंमत. पटाला ६४ ऐवजी ६१ च घरं असती तर बेरीज २३०५८४३००९२१३६९३९५१ झाली असती. ही मूळ संख्या आहे! १८८३ मध्ये परवूशिन या रशियन धर्मगुरूने हे सिद्ध केलं. ६४ घरांचे दाणे १२८ प्रकारे सारखे वाटता येतात, ६१ घरांचे मात्र (प्रत्येकाला एकच दाणा दिला तर गोष्ट वेगळी) कुणाहीमध्ये सारखे वाटता येत नाहीत. घरांची संख्या संयुक्त असेल तर बेरीज संयुक्तच येते. उलट मात्र खरं नाही: ११ मूळ आहे, पण २^११ − १ = २०४७ = २३ × ८९.

किती मोठी?

वर्गात गव्हाचे १००० दाणे मोजून वजन करा, साधारण ४० ग्रॅम भरेल. त्या हिशेबाने पहिल्या ३२ घरांचा गहू होतो सुमारे १७२ टन, म्हणजे दहा टनी अठरा ट्रक. राजाला इथपर्यंत काळजी नव्हती. पण पूर्ण पटाचा गहू होतो सुमारे ७३,८०० कोटी टन. सध्या साऱ्या जगात वर्षाला साधारण ८० कोटी टन गहू पिकतो. म्हणजे जगाचं नऊशेहून जास्त वर्षांचं पीक! अर्ध्या पटाला अठरा ट्रक आणि पूर्ण पटाला एवढं, या एका तुलनेतून दुपटीची ताकद मुलांच्या लक्षात येते. कर्जावरचं चक्रवाढ व्याज किंवा साथीचा रोग समजावतानाही हीच तुलना वापरता येते.

सेकंदाला एक दाणा मोजला तर सुमारे ५८,४०० कोटी वर्षं लागतील. विश्वाचं वय साधारण १,३८० कोटी वर्षं आहे.

१८८३ मध्येच ल्युका या फ्रेंच गणितीने चकत्यांच्या मनोऱ्याचं कोडं आणलं, ज्याला 'टॉवर ऑफ हनोई' म्हणतात. त्याला काशीच्या मंदिरातल्या ६४ सोन्याच्या चकत्यांची गोष्ट जोडली गेली. ती आपली पुराणकथा नाही, कोड्यासाठी रचलेली गोष्ट आहे, हे मुलांना सांगावं. पण ६४ चकत्या हलवायला कमीत कमी किती चाली लागतात? बरोबर, आपलीच संख्या.

आणि हीच संख्या तुमच्या मोबाईलमध्येही आहे. ६४ बिटमध्ये, म्हणजे ६४ जागी ० किंवा १ लिहून, जी सर्वांत मोठी पूर्ण संख्या मांडता येते ती हीच, सगळ्या घरांत १ भरलेला. जुन्या संगणकीय घड्याळांत सेकंद मोजायला ३२ बिट असतात आणि त्यातला एक चिन्हासाठी जातो. म्हणून अशी घड्याळं १९ जानेवारी २०३८ रोजी भरून जाणार आहेत. त्यांना ६४ बिटांवर आणण्याचं काम चालू आहे.

वर्गात आणि घरी विचारण्यासाठी

१) पटाला ६३ घरं असतील तर बेरजेचा शेवटचा अंक कोणता? (७)
२) त्या बेरजेला ३ ने भाग जाईल का? ७ ने? (३ ने नाही, ७ ने जाईल.)
३) आपल्या संख्येला १३ ने भागलं तर बाकी किती? सूचना: २^१२ ला १३ ने भागलं की बाकी १. (२)
४) पटाच्या दुसऱ्या अर्ध्या भागातले दाणे पहिल्या भागाच्या किती पट? (२^३२ पट)
५) संख्येतला कोणताही एक अंक बदला आणि शेजाऱ्याला द्या. चूक आहे हे त्याने भागाकार न करता सांगावं.

पालकांनो, पाचवा प्रश्न घरी नक्की खेळा, पेन आणि कागद एवढंच लागतं. शिक्षकांनी हे सगळं एका तासात संपवायची घाई करू नये. पाचवी-सहावीला वाचन, शेवटचा अंक आणि कसोट्या पुरेशा आहेत. अवयव आणि विस्तारसूत्र सातवी-आठवीला घ्या, आणि ६४१ ची सिद्धता त्यापुढच्यांना.

या संख्येइतके दाणे कुणीही मोजलेले नाहीत आणि मोजणारही नाही. तरी ती किती अंकी, तिच्या शेवटी काय, तिला कुणाकुणाने भाग जातो आणि स्क्रीनवर दिसतेय ती खरी की खोटी, हे आपल्या वर्गातलं मूल कागदावर ठामपणे सांगू शकतं. पुढच्या वेळी "सर, हे कशासाठी?" असं कुणी विचारलं, तर ही संख्या फळ्यावर लिहा.